मायकेल केना यांची कृष्णधवल छायाचित्रे कशी पाहावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात छायाचित्रणाची आवड असलेल्या मंडळींना मी गेली काही वर्षे मायकेल केना यांची पुस्तके दाखवत आलो आहे. पुस्तक हातात आले की पहिली आठ-दहा पाने झरझर उलटली जातात, मग एखाद्या पानावर हात थांबतो आणि प्रश्न सुरू होतात. प्रश्न विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरे दर वेळी तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, या विचाराने हे पान तयार केले आहे. सगळ्या प्रश्नांना सारखीच जागा दिलेली नाही, कारण काही प्रश्न दोन वाक्यांत मिटतात आणि काहींवर मी स्वतः अजून विचार करतो आहे.

मायकेल केना कोण आहेत?

केना हे १९५३ साली इंग्लंडमधील विडनेस या गावी जन्मलेले छायाचित्रकार आहेत. विडनेस हे रसायनांच्या कारखान्यांचे गाव, आणि कुटुंब कामगारवस्तीतले. लहानपणी धर्मगुरू व्हायचे या इच्छेने ते कॅथलिक सेमिनरीत शिकत होते. पुढे तो मार्ग सोडून त्यांनी बॅनबरी येथील कलाशाळेत आणि त्यानंतर लंडन कॉलेज ऑफ प्रिंटिंगमध्ये शिक्षण घेतले, आणि १९७६ साली ते पदवीधर झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तेथे ज्येष्ठ छायाचित्रकार रूथ बर्नहार्ड यांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे केले. सेमिनरीतील मौन, प्रार्थनेची शिस्त आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवरचा विश्वास यांचा आपल्या कामाशी संबंध आहे, हे ते स्वतः सांगतात. त्यांची चित्रे पाहताना ही माहिती हाताशी असावी, असे मला वाटते. देवळाच्या गाभाऱ्यात पाय ठेवताच आपला आवाज आपोआप खाली येतो, तसे काहीसे या चित्रांसमोर होते, आणि ते कुठून आले असावे याचा थोडा उलगडा यातून होतो.

‘मिनिमलिस्ट’ म्हणजे नेमके काय?

या नावाची एक कलाचळवळ १९६० च्या दशकात अमेरिकेत उभी राहिली. तिच्यात लोखंडी पेट्या, विटांच्या रांगा, ट्यूबलाइट अशा वस्तू कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या. केना यांचा त्या चळवळीशी थेट संबंध नाही. छायाचित्रणात हा शब्द पुष्कळ सैलपणे वापरला जातो, आणि चौकटीत मोजक्याच गोष्टी ठेवणारा तो मिनिमलिस्ट, इतकाच त्याचा अर्थ घ्यावा. मी स्वतः ‘मोजकेपणा’ हा शब्द वापरतो. मोजकेपणा म्हणताना कुणीतरी मोजले आहे, काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवले आहे, याची जाणीव त्या शब्दातच राहते.

चित्रात जवळजवळ काहीच नसते. मग पाहायचे काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो अगदी रास्त आहे. जपानच्या होक्काइडो बेटावर २००२ साली काढलेले त्यांचे एक चित्र उदाहरणादाखल घेऊ. बर्फाने झाकलेला एक उतार आहे आणि त्यावरून काळ्या रेघेसारखे एक कुंपण वळत गेले आहे. बाकी सर्वत्र पांढरे आहे. एवढे सांगितले की चित्राचे वर्णन संपते, पण पाहणे येथून सुरू होते.

प्रथम कुंपणाच्या जवळच्या टोकाला डोळे लावावेत आणि रेघेबरोबर हळूहळू पुढे जावे. खांब बारीक होत जातात, त्यांच्यामधले अंतर मिटत जाते, आणि एका ठिकाणी खांब मोजता येईनासे होतात. त्या जागी आपल्याला उताराचा चढ कळतो, कारण चढ दाखवणारी दुसरी कोणतीही खूण चित्रात नाही. त्यानंतर पांढऱ्या भागाकडे वळावे. तो एकच पांढरा नसतो. बर्फाचा पांढरा आणि आकाशाचा पांढरा यांत बारीकसा फरक असतो, आणि तो कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो हे शोधताना आपण नकळत चित्राजवळ सरकलेले असतो. शेवटी चौकटीच्या चारही कडा पाहाव्यात. रेघ कोणत्या कडेला भेटते, कोणत्या कडेपासून दूर राहते, तिच्या डाव्या बाजूला अधिक मोकळी जागा आहे की उजव्या, हे पाहिले की छायाचित्रकार नेमका कोठे उभा होता आणि दोन पावले बाजूला का उभा नव्हता, हे समजू लागते.

आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट गाण्यातून लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा, आणि पलीकडे धारवाडची गायकीची परंपरा. त्यामुळे ख्याल ऐकणारी माणसे येथे घरोघरी आहेत. गवई षड्जावर येऊन थांबतो तेव्हा मैफलीत शांतता होते असे आपण म्हणतो, पण तेव्हाही तंबोरा वाजतच असतो. पुढचा स्वर कोठून उठणार याकडे कान लागलेला असतो, आणि तो ताण त्या थांबण्यानेच निर्माण केलेला असतो. केना यांच्या चित्रातील मोकळी जागा ही त्या तंबोऱ्यासारखी आहे. ती सतत चालू असते आणि कुंपणाचा किंवा झाडाचा एकच स्वर तिच्यावर लागतो. मोकळी जागा काढून टाकून फक्त कुंपण कापून घेतले तर हाती उरते ते साधे कुंपण.

रंग का नाहीत?

केना यांचे म्हणणे असे की आपण दिवसभर रंगांतच पाहत असतो, त्यामुळे कृष्णधवल चित्र हे पहिल्याच क्षणी वास्तवाची नक्कल न राहता त्याचा अर्थ लावणारे होते. मला हे गोकाकच्या धबधब्यावर उमगले. आषाढात घटप्रभा तांबडी होऊन वाहते, आणि सुमारे ५२ मीटर खाली कोसळणाऱ्या त्या पाण्याचे रंगीत छायाचित्र पाहिले की प्रत्येक जण आधी ‘पाणी केवढे गढूळ’ असेच म्हणतो. तेच दृश्य कृष्णधवल फिल्मवर घेतले की गढूळपणाची बातमी बाजूला पडते आणि कड्याची धार, पाण्याचे वेगवेगळे पडदे, झुलत्या पुलाची बारीक रेघ हे सारे पुढे येते. रंग वाईट असतो असा याचा अर्थ नाही. रंग आपल्याला पुष्कळ काही लगेच सांगून टाकतो, आणि केना यांना लगेच सांगायचे नसते.

पाणी दुधासारखे आणि ढग कापसासारखे ओढलेले का दिसतात? हे संगणकावर केलेले असते का?

नाही. केना फिल्मवर काम करतात आणि त्यांची ही चित्रे दीर्घ एक्स्पोजरची आहेत. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागापुरते उघडण्याऐवजी मिनिटे आणि काही वेळा तास उघडे ठेवले जाते. रात्री काढलेली त्यांची काही चित्रे १० तासांपर्यंतच्या एक्स्पोजरची आहेत. तेवढ्या वेळात किनाऱ्यावर आलेली प्रत्येक लाट फिल्मवर आपली थोडी खूण ठेवून जाते आणि सगळ्या खुणा एकमेकींवर साचून धुके तयार होते. दगड, खांब, धक्का अशा स्थिर गोष्टी तेवढ्या टोकदार राहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातील तारे तासाला १५ अंश सरकतात, म्हणून त्यांचे बिंदू न उमटता कमानी उमटतात.

दिवसा असे करायचे तर भिंगापुढे गडद काळी काच लावावी लागते, जिला एनडी फिल्टर म्हणतात. तिचा एक प्रकार प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो, म्हणजे जेथे सेकंदाचा साठावा भाग पुरला असता तेथे सुमारे १७ सेकंद द्यावे लागतात. फिल्मच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. प्रकाश फार मंद असला की फिल्मची ग्रहणशक्तीच मंदावते, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या मीटरने पाच मिनिटे सांगितली तरी प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो किती द्यायचा हे अनुभवानेच कळते. त्यांचा हॅसलब्लाड कॅमेरा यांत्रिक आहे. शटर उघडे ठेवायला त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत रात्रभर तो तसाच उभा राहू शकतो. एका रोलमध्ये १२ चौकोनी चित्रे बसतात. रात्रभराचे एक्स्पोजर म्हणजे एका रात्रीत एक चित्र, आणि ते साधले की फसले हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही.

तंत्र जाणून घेण्याचा मला जाणवलेला खरा फायदा वेगळाच आहे. हे चित्र एका क्षणाचे नाही, हे एकदा लक्षात आले की आपली पाहण्याची पद्धत बदलते. आपल्यासमोर असते ती अख्खी रात्र, एका कागदावर साचलेली. ती रात्र आपल्याही डोळ्यांना कधी अशी दिसलेली नसते, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही.

डार्करूममध्ये काय होते? निगेटिव्ह चांगले असले की झाले, असे नाही का?

तसे नाही, आणि मोजक्या चित्रांच्या बाबतीत तर मुळीच नाही. रूथ बर्नहार्ड यांच्याकडून आपण काय शिकलो हे सांगताना केना या मुद्द्यावर नेहमी येतात, की निगेटिव्ह ही सुरुवात असते आणि त्यातून काय काढायचे हे प्रिंट काढताना ठरते. ते स्वतःच्या प्रिंट स्वतःच काढतात.

हे मी हाताने केलेले काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. तरुणपणी काही वर्षे मी शहापुरातील एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये काम करीत होतो. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम हेच रोजचे काम, पण रविवारी मालक मला माझी स्वतःची निगेटिव्ह छापू देत. राकसकोप जलाशयाच्या काठाचे, धुक्यातले एक निगेटिव्ह मी एकदा एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्ह मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर, लावले. खाली पाणी, वर धुके, मध्ये एक वाळलेले झाड, एवढेच त्यात होते. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद सोडला, ट्रे हळूहळू हलवत राहिलो, आणि प्रथम झाड उमटले. ते सुबक आले होते. पण धुक्यात बारीक पांढरे ठिपके दिसू लागले, कारण निगेटिव्हवर धूळ बसली होती. गर्दीच्या चित्रात, वऱ्हाडाच्या चित्रात असे ठिपके कधीच दिसले नव्हते, कारण साड्यांच्या आणि फेट्यांच्या गर्दीत ते लपून जातात. मोकळ्या करड्या जागेत मात्र एकेक ठिपका भिंतीवरच्या खिळ्यासारखा डोळ्यांत भरत होता. निगेटिव्ह पुन्हा पुसले आणि दुसरा कागद घेतला, तर धुके एका कोपऱ्यात जास्त काळे आले. हाताच्या सावलीने कागदाचा तो भाग थोडा झाकून तिसरा कागद काढला, तर हाताची कड उमटली. त्या दुपारी आठ कागद गेले आणि एकही प्रिंट मनासारखी झाली नाही. संध्याकाळी बारीक ब्रशने ठिपके भरत बसलो तेव्हा मला कळले, की कागदावर ‘काहीच नाही’ हे सपाट, शांत आणि सलग उतरवणे हे झाड उतरवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

म्हणून केना यांचे एखादे चित्र पाहताना मी आता आधी त्यातील मोकळी जागाच पाहतो. तेथे एक डाग नसतो, एक धक्का नसतो, आणि उजेड कडेकडे जाताना किंचित मावळलेला असतो. त्यांच्या बऱ्याच प्रिंटना सेपिया टोनिंग केलेले असते. त्यात कागदावरील चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होते, छटा किंचित उबदार होते आणि प्रिंट अधिक टिकाऊ बनते. पुस्तकात छापल्यावर ती ऊब थोडी हरवते, हे मान्य करावे लागेल.

इतक्या मोठ्या देखाव्याच्या प्रिंट एवढ्या लहान का?

केना यांच्या प्रिंट साधारण २० सेंटिमीटर चौरस असतात, म्हणजे शाळेच्या लहान पाटीएवढ्या. निगेटिव्हची बाजू साडेपाच सेंटिमीटरांहून थोडी मोठी असते, म्हणजे चित्र जेमतेम साडेतीन पटींनी वाढवले जाते आणि त्यामुळे करड्या छटा तुटत नाहीत. हे झाले तांत्रिक कारण. पण भिंतभर मोठ्या चित्रापुढे चार माणसे मागे सरकून उभी राहतात, आणि लहान चित्राजवळ एकच माणूस वाकून उभा राहतो. चित्र एकट्याने पाहिले जावे, अशी ही योजना आहे.

एकाच झाडाची इतकी छायाचित्रे कशासाठी?

होक्काइडोतील कुशारो सरोवराच्या काठावर पाण्याकडे झुकलेले एक जुने झाड होते. केना यांनी २००२ पासून अनेक हिवाळ्यांत त्याची चित्रे काढली. त्यांच्या चित्रांच्या नावांत ‘स्टडी १’, ‘स्टडी २’ असे आकडे येतात, आणि पुढे गाव आणि साल. हा आकडा वाचायला विसरू नये. आपण गावी गेलो की ओळखीच्या वयस्कर माणसाला भेटून येतो, त्यात नवीन काही कळावे हा हेतू नसतो; केना त्या झाडाकडे तसे जात असत. एका चित्रात सरोवर गोठलेले आहे, एकात धुके आहे, आणि फांद्यांची काळी रेघ तीच असूनही प्रत्येक वेळी तिचे वजन वेगळे जाणवते. पुढे ते झाड तोडले गेले. ही गोष्ट कळल्यानंतर जुनी चित्रे पुन्हा पाहिली तेव्हा मला वाईट वाटले, हे येथे नोंदवतो. सातासमुद्रापलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या झाडाबद्दल.

माणसे का दिसत नाहीत?

माणसांची ये-जा दीर्घ एक्स्पोजरमध्ये उमटतच नाही, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की ते बहुधा पहाटे, रात्री किंवा बर्फात काम करतात. पण माणसाची खूण मात्र चित्रात जवळजवळ नेहमी असते. कुंपण कुणीतरी घातलेले असते, धक्का कुणीतरी बांधलेला असतो, होडी कुणीतरी बांधून ठेवून घरी गेलेले असते.

कारखाने आणि छळछावण्या अशा विषयांना ही सुंदर, शांत शैली लावणे योग्य आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केना यांनी केवळ बर्फ आणि झाडे टिपलेली नाहीत. इंग्लंडमधील रॅटक्लिफ येथील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची चित्रे त्यांनी १९८० च्या दशकापासून अनेक वर्षे काढली, आणि नाझींच्या छळछावण्यांचे अवशेष टिपण्यासाठी ते दशकभराहून अधिक काळ युरोपात फिरले. त्या छावण्यांची तीनशेहून अधिक छायाचित्रे त्यांनी २००० साली फ्रान्सला देऊन टाकली, जेणेकरून ती स्मृती म्हणून जपली जावीत.

छावण्यांची चित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा माझ्या मनात शंका होती. तारांचे कुंपण, रुळांची वाट, चपलांचा ढीग हे सारे इतक्या नेटक्या चौकटीत बसवणे म्हणजे दुःखाला इस्त्री करण्यासारखे तर नाही ना, असे वाटले. पुष्कळ वेळा पाहिल्यावर माझे मत बदलले आहे, पण ते का बदलले हे सांगताना मला आपल्याच भागातील एका दृश्याचा आधार घ्यावा लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याला पूर येतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी भरते. रोप लावणी नुकतीच झालेली असते. बांध दिसेनासे होतात, वाफ्यांच्या हद्दी पुसल्या जातात, आणि पाण्याच्या एका सलग पांढऱ्या पट्टीत एखादी बाभूळ आणि विजेचे दोन-चार खांब एवढेच उभे असतात. कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते दृश्य फार सुंदर दिसते. त्याच रस्त्यावर खोळ पांघरून उभा असलेला शेतकरी त्या पाण्याखाली आपले कुजणारे रोप पाहत असतो. एकदा मी तेथे चित्र काढत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर काकांनी विचारले, ‘काय दिसतंय रे तुला त्यात?’ मला उत्तर देता आले नाही. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि त्यांच्याकडून कोणता वाफा कुणाचा, हे ऐकून घेतले. मला नुसते पाणी दिसत होते, पण त्यांना पाण्याखालची प्रत्येक हद्द पाठ होती.

केना यांची छावण्यांची चित्रे त्या काकांच्या नजरेच्या बाजूची आहेत, असे मला आता वाटते. ते एकदा जाऊन सुंदर चौकट घेऊन परतलेले नाहीत. वर्षानुवर्षे परत परत गेले, कुठल्या छावणीचे चित्र आहे ते प्रत्येकाखाली लिहिले, आणि चित्रे विकून न टाकता सार्वजनिक ठेव म्हणून दिली. चित्रातील शांततेत जे घडले ते लपत नाही. उलट, मोजक्या वस्तूंमुळे पाहणाऱ्याला पळवाट राहत नाही. तरीही हा वाद मिटला असे मी म्हणणार नाही. एखाद्याला ही चित्रे अति देखणी वाटली तर त्याची नजर कच्ची आहे असे समजू नये. ती तक्रार मनात ठेवूनच चित्रे पाहावीत. पुराच्या शिवाराचे माझे चित्र मात्र मी अजून कुणाला दाखवलेले नाही, कारण त्याखाली लिहिण्याजोगी माहिती मी त्या दिवशी फार उशिरा विचारली.

हे सारे जपान आणि इंग्लंडचे झाले. बर्फ न पाहिलेल्या सीमाभागातील माणसाला यात काय मिळणार?

बर्फ हे तेथे गाळण्याचे काम करते. आपल्याकडे ते काम धुके, पाऊस आणि पाणी करतात. हिवाळ्यात पहाटे हिडकल जलाशयाच्या काठावर उभे राहिले तर पलीकडचा काठ नाहीसा झालेला असतो. पावसाळ्यात येळ्ळूरच्या राजहंसगडावर ढग उतरला की तटाची एकच कड उरते. जांबोटीच्या वाटेवर पावसात झाडांच्या रांगांमागे रांगा करड्या होत जातात, अगदी त्यांच्या चित्रातल्यासारख्या. हे सारे आपण रोज पाहतो आणि ‘आज काही दिसत नाही’ असे म्हणून गाडीचे दिवे लावतो. केना यांचे पुस्तक पाहून झाल्यावर खानापूरच्या एका मुलीने मला सांगितले, की सकाळच्या रेल्वेने बेळगावला येताना खिडकीबाहेरच्या धुक्यात किती प्रकारचे करडे रंग असतात, हे ती आता मोजू लागली आहे. तिच्याकडे कॅमेरा नाही.

मोबाइलवर चित्रे पाहिली तर चालतील का?

चालतील, कारण मूळ प्रिंट लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम किंवा वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी अशा दूरच्या संग्रहांत आहेत, आणि तेथे जाणे आपल्यापैकी फारच थोड्यांना जमेल. मात्र मोबाइलची चमक कमी करावी, निळसर उजेड काढण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी, कारण तिने चित्र पिवळे पडते, आणि एका बैठकीत पाच-सहांहून अधिक चित्रे पाहू नयेत. बोटाने मोठे करून पाहण्याचा मोह टाळावा. पुस्तक मिळाले तर ते केव्हाही अधिक चांगले. एखादे पुस्तक चौघांनी वर्गणी काढून घेतले तरी हरकत नाही. आम्ही तसेच केले आहे.

ही शैली शिकावी की नाही? नक्कल केली तर चूक आहे का?

शिकण्यासाठी नक्कल करण्यात काही चूक नाही. केना यांनीही बिल ब्रँट यांच्यासारख्या आधीच्या छायाचित्रकारांनी जेथे उभे राहून चित्रे काढली होती तेथे जाऊन काम केले आहे, आणि ते ऋण ते मोकळेपणाने मान्य करतात. अडचण वेगळी आहे. तलावात एक खांब, दहा मिनिटांचे एक्स्पोजर आणि चौकोनी चौकट एवढ्यावर आता हजारो चित्रे निघतात, आणि ती एकमेकांसारखीच असतात. मोबाइलवरही ‘लाँग एक्स्पोजर’चे बटण आले आहे. त्यातून पाणी दूध होते, पण ते कोणत्या नदीचे पाणी आहे हे कळत नाही. मार्कंडेय नदीच्या काठावर शिकायचे असेल तर आधी महिनाभर कॅमेऱ्याशिवाय एकाच जागी जाऊन यावे, असे मी मुलांना सांगतो. निम्मी मुले परत येत नाहीत. जी येतात त्यांची चित्रे पाहण्यासारखी असतात.

सुरुवात कोणत्या चित्रांपासून करावी?

बहुतेक जण होक्काइडोपासून करतात. माझी शिफारस रॅटक्लिफची आहे, कारण बर्फातले झाड पहिल्या नजरेलाच आवडून जाते आणि मग पाहणे तेथेच थांबते. रॅटक्लिफला आठ प्रचंड कूलिंग टॉवर होते, प्रत्येकी १०० मीटरांहून उंच, मधे आवळलेल्या रांजणांसारखे. केना यांनी ते पहाटे, रात्री, धुक्यात आणि वाफेत टिपले. पहिल्यांदा पाहताना ते कुरूपच वाटतात. पुस्तक त्या पानावर उघडे ठेवून टेबलावर तीन-चार दिवस राहू द्यावे आणि येता-जाता पाहावे. एका टॉवरची कड दुसऱ्याच्या वाफेत कोठे विरते, ते कधीतरी चहा पिताना अचानक दिसते. ते वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. ब्रिटनमधील कोळशावर चालणारे ते शेवटचे वीजकेंद्र होते.